जिथे वॅटल अजून पोचलेलं नाही

निलगिरीच्या पठाराच्या पश्चिम कडेला मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान आहे. ७८.४६ चौरस किलोमीटरचं, १९९० पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेलं, आणि मुख्यतः कड्यांवर चरणाऱ्या निलगिरी ताहरसाठी राखलेलं. वर उघडे गवताळ माळ आणि डोंगराच्या घळींत, ओढ्यांच्या काठाने बुटक्या, दाट झाडांचं शोला जंगल, ही तिथली मूळ रचना. त्या गवतात ऑस्ट्रेलियातून आणलेलं वॅटल हे झाड घुसलं आहे. ते आणखी कुठे जाऊ शकेल याचे नकाशे आता संगणकावर काढता येतात. या नकाशांचं करायचं काय, यावर दोन प्रकारच्या माणसांचं पटत नाही, आणि डोंगरांच्या संवर्धनाची चर्चा निघाली की हे दोघे मला हमखास भेटतात. एक निवृत्त वनाधिकारी, ज्यांचं आयुष्य डोंगर चढण्यात गेलं. दुसरी उपग्रहचित्रांवर काम करणारी तरुण संशोधिका. संवाद मी रचलेला आहे, वाद खरा आहे.

अधिकारी : तुझा नकाशा पाहिला. निम्मं उद्यान लाल आहे. आता मला सांग, आज तिथे जो रेंजर आहे त्याच्याकडे सोमवारी पंचवीस मजूर कोयते-करवती घेऊन आले, तर त्याने त्यांना कुठे पाठवायचं? लाल आहे म्हणजे तिथे वॅटल आहे का?

संशोधिका : नाही सर. लाल म्हणजे तिथलं तापमान, पाऊस, उंची, उतार वॅटलला मानवण्यासारखे आहेत. झाड तिथे असेल, नसेलही.

अधिकारी : मग ज्याच्या हातात हा कागद पडेल तो पहिल्याच मिनिटाला फसणार. सरकारी कचेरीत लाल रंगाचा अर्थ एकच, इथे पैसे खर्च करा.

संशोधिका : म्हणून मी दोन नकाशे करते. पहिला, आज वॅटल कुठे उभं आहे याचा. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात दहा मीटर बाय दहा मीटरची एक चौकट असते, म्हणजे तुमच्या उद्यानात साडेसात लाखांहून जास्त चौकटी. मोठी, दाट झाडी त्यात ओळखू येते. दुसरा नकाशा, ते कुठे राहू शकेल याचा. पहिल्यावरून तोडायचं ठरवा. दुसरा तोडण्यासाठी नाहीच.

अधिकारी : मग कशासाठी? जे समोर उभं आहे तेच काढायला पैसा पुरत नाही. जे नाही त्याची काळजी करायची चैन आपल्याला परवडते का? आणि खरं सांगू, मला या ‘योग्य जागा’ प्रकरणाची धास्ती वेगळ्याच कारणाने वाटते. हे झाड डोंगरावर आलं ते याच हिशेबाने आलं. कागदोपत्री गवताळ माळाला पडीक म्हणायचे. झाड दिसत नाही ना, मग जमीन रिकामी. रिकाम्या जमिनीत काय लावायला योग्य, तर वॅटल. सालीत टॅनिन, ते चामडं कमवायला. लाकूड सरपणाला, लगद्याला. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात आणलेलं झाड स्वातंत्र्यानंतर आपण हेक्टरच्या हिशेबात लावलं. कुठे लावायचं ते कोणीतरी आधी रंगवून दिलं होतं. १९८८ ची राष्ट्रीय वननीती आली, जंगलाकडे उत्पादनाच्या आधी परिसंस्था म्हणून पाहायचं ठरलं, तोवर वॅटलला आमची गरज उरली नव्हती. ते आपल्या पायाने चालू लागलं होतं.

अधिकाऱ्यांच्या या बोलण्यापाशी थांबायला हवं. आपल्याकडे सह्याद्रीचे सडे आणि दख्खनची माळरानं सरकारी दप्तरात पडीक म्हणूनच नोंदली जात आली, आणि त्यांवर गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणं हे पुण्यकर्म मानलं गेलं. गवताला जंगलाचा अभाव समजणं ही फार जुनी खोड आहे. निलगिरीच्या दक्षिणेला पळणीच्या टेकड्या आहेत. तिथे चार दशकांत गवताळ प्रदेश सुमारे दोन तृतीयांशाने घटला, असं उपग्रहचित्रांच्या आधारे केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. लागवडी, शेती आणि लागवडीतून निसटलेली झाडं, सगळ्यांनी मिळून ते गवत खाल्लं.

संशोधिका : तुमची धास्ती रास्त आहे. पण त्या वेळचा नकाशा विचारत होता, इथे झाड लावता येईल का. माझा विचारतो, इथे झाड येऊन पडेल का. हिशेब तोच असेल, हेतू उलटा आहे.

अधिकारी : हेतू कागदावर दिसत नाही. बरं, हिशेब कसा करतेस ते तरी सांग.

संशोधिका : मॅक्सएंट नावाची पद्धत आहे, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली. जगभर हीच सर्वांत जास्त वापरतात, कारण तिला फक्त ‘झाड इथे सापडलं’ एवढ्याच नोंदी लागतात. ‘शोधलं, पण नव्हतं’ अशा नोंदी फार थोड्यांकडे असतात. झाड सापडलेल्या जागांचं हवामान, उंची, उतार एकीकडे ठेवायचे आणि आजूबाजूच्या एकूण प्रदेशाचे दुसरीकडे. दोन्हींत फरक कुठे पडतो ते ती पद्धत शोधते, आणि प्रत्येक चौकटीला शून्य ते एकमधला आकडा देते.

अधिकारी : इथेच पाणी मुरतंय. तुझे ठिपके बघ. निम्मे रस्त्याच्या कडेला, धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर. उरलेले आम्ही लावलेल्या जुन्या लागवडींत. तुझा संगणक यातून काय शिकणार? जिथे जीप जाते तिथे वॅटल वाढतं, आणि जिथे साहेबांनी लावलं तिथे त्याला आवडतं.

संशोधिका : बरोबर. म्हणून लागवडीतली झाडं मी हिशेबातून काढते. माणसाने लावलेलं झाड त्या जागेबद्दल फार थोडं सांगतं. आपोआप रुजलेलं रोप खरं सांगतं. रस्त्याचा कल काढायला तुलनेचा प्रदेशही त्याच रस्त्यांच्या आसपासचा घेते, म्हणजे दोन्हीकडे झुकाव सारखा राहतो. त्यात आग्नेय ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातल्या नोंदी मिळवते, कारण मूळ घरी ते कुठवर थंडी सोसतं हे तिथेच कळतं. तरी एक अडचण उरते. हा पसारा अजून चालू आहे. आज एखाद्या घळीत वॅटल नाही, याचा अर्थ त्याला ती मानवत नाही असा होत नाही. कदाचित बी अजून पोचलेलं नाही.

अधिकारी : आणि तरीही तुमच्या अहवालात ‘अचूकता शेकडा पंच्याण्णव’ असं छापलेलं असतं.

या आकड्याबद्दल मला स्वतंत्रपणे लिहायचं आहे, कारण अशा अहवालांत सामान्य वाचक आणि अधिकारी दोघेही त्यालाच भुलतात. नकाशा चांगला की वाईट, हे ठरवायला एक मोजमाप वापरतात. झाड असलेल्या जागेला नकाशा इतर कुठल्याही जागेपेक्षा वरचा आकडा किती वेळा देतो, हे ते मोजतं. आता तुलनेच्या प्रदेशात पायथ्याचं मेट्टुपाळयम आणि कोइंबतूरचं तापलेलं मैदान धरलं, तर काय होईल? दोन हजार मीटरवरचं थंडीतलं झाड मैदानात नसतं, हे सांगायला संगणक लागत नाही. पण तेवढ्याने मोजमाप आकाशाला भिडतं. ज्या प्रश्नासाठी नकाशा काढला, म्हणजे या माळावर येईल की शेजारच्या, त्याबद्दल त्या उंच आकड्यातून काहीच कळत नाही. तुलनेचा प्रदेश कोणता घेतला होता, हे पहिल्या पानावर लिहिलेलं नसेल तर तो नकाशा परत पाठवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

संशोधिका : त्याहून मोठी अडचण सांगते, जी तुम्ही काढली नाहीत. जगभरासाठी मोफत मिळणारे हवामानाचे थर असतात, त्यांची चौकट साधारण एक किलोमीटरची. तुमच्या अख्ख्या उद्यानात अशा जेमतेम नव्वद-पंच्याण्णव चौकटी बसतात. एका चौकटीत डोंगरमाथा, उतार, घळ, तळातलं खोलगट, सगळं एकाच तापमानाचं धरलं जातं.

अधिकारी : एकाच तापमानाचं? जानेवारीच्या पहाटे माथ्यावर उभं राहा, बूट कोरडे राहतात. दोनशे पावलं खाली खोलगटात उतर, गवत पांढरं झालेलं असतं, पायाखाली कुरकुर वाजतं. तिथे शोलाचं रोप कधी टिकलेलं मी पाहिलं नाही. पानं काळी पडतात, जाळल्यासारखी.

संशोधिका : हेच. महाबळेश्वरला दवबिंदू गोठल्याची बातमी दर थंडीत येते ती वेण्णा तलावाच्या परिसरातून येते. उंचावरच्या पॉइंटवरून ती सहसा येत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगटात साठते. मुकुर्तीत तेच घडतं, अधिक कडक. आणि हे साधं तपशिलाचं काम नाही, गवत आणि शोला यांची सीमा बऱ्याच अंशी यावरच ठरते. २०२० मध्ये दक्षिण भारतातल्या अशाच उंच माळांवरच्या प्रयोगांचं संशोधन प्रसिद्ध झालं. उघड्या गवतात लावलेली स्थानिक वृक्षांची रोपं गोठणाऱ्या रात्रींमुळे फारशी जगत नाहीत, शोलाच्या आत मात्र जगतात, कारण आत हिम पडत नाही. वॅटलची रोपं त्याच गवतात स्थानिक झाडांपेक्षा चांगली तग धरतात. स्थानिक वृक्षांना अडवणारी थंडीची भिंत वॅटलला पुरेशी उंच नाही.

अधिकारी : अगदी खालच्या खोलगटात मात्र वॅटलची कोवळी रोपंही करपलेली पाहिली आहेत मी.

संशोधिका : हो, फार कडक हिम त्यालाही मारतं. म्हणजे आज मुकुर्तीत अशा काही जागा आहेत ज्यांचं रक्षण केवळ थंडी करते आहे. गोठणाऱ्या रात्री कमी झाल्या की ते रक्षण संपणार. या जागा किलोमीटरच्या चौकटीत सापडत नाहीत. उंचीची तीस मीटरची मोफत माहिती आहे, तिच्यावरून थंड हवा कुठे साचेल ते काढता येतं. पण ते खरं की खोटं, हे गवताच्या उंचीवर ठेवलेल्या तापमापकानेच कळेल. छोटी, स्वस्त नोंदयंत्रं मिळतात. पन्नास यंत्रं, एक हिवाळा.

अधिकारी : पन्नास यंत्रं लावायला मी येतो. कुठे हिम शेवटी वितळतं ते मला तोंडपाठ आहे.

इथवर दोघांचं जुळत आलं असं वाटतं. मुख्य मतभेद पुढे आहे.

अधिकारी : आता माझं ऐक. समजा तुझा नकाशा बिनचूक आहे. सगळ्यांत लाल कुठे? जुन्या लागवडीच्या भोवती, जिथे वॅटल आधीच माजलं आहे. खातं काय करणार? सगळ्यांत लाल तिथे सगळ्यांत आधी यंत्रं घालणार. वॅटलच्या बियांचं कवच टणक असतं, मातीत ती कित्येक दशकं जिवंत पडून राहतात. वरचं झाड पाडलं, ऊन जमिनीवर आलं, की ती उठतात. आग लागली तर आणखीच. एका झाडाच्या जागी माणूस शिरणार नाही असं रान उभं राहतं. दोन वर्षांनी जाऊन पाहा, आधीपेक्षा दाट असतं. दक्षिण आफ्रिकेत हेच झाड नद्यांचं पाणी पितं म्हणून १९९५ मध्ये ‘वर्किंग फॉर वॉटर’ नावाची मोठी सरकारी मोहीम सुरू झाली. तिथला धडा हाच, तोडून पाठ फिरवलेली जागा हातची जाते. पुन्हा पुन्हा जावं लागतं, वर्षानुवर्षं. आपल्याकडे पहिल्या तोडीला निधी मिळतो, चौथ्या वर्षीच्या उपटणीला मिळत नाही.

संशोधिका : याला माझा विरोध नाहीच.

अधिकारी : थांब, पुढचं आहे. जुन्या, उंच वाढलेल्या वॅटलखाली वाकून पाहिलं आहेस? पळणीत काम करणाऱ्यांनी आधी दाखवलं, मग मीही पाहिलं. खाली शोलाची रोपं येतात. वॅटलची पानं त्यांच्यावर गोधडीसारखी असतात, रात्रीचं हिम अडतं. तूच आत्ता सांगितलंस ते शास्त्र. मग ते वॅटल मी का पाडू? त्याला म्हातारं होऊ दे, खालचं जंगल वर येऊ दे.

संशोधिका : कारण ती जागा शोलाची नव्हती सर. ती गवताची होती. तिथे शोला आलं तर आपल्याला बरं वाटेल, देशी झाडं आली म्हणून. पण ताहरला चारा गवताचा लागतो. निलगिरी पिपिट हा पक्षी गवतातच राहतो. तोडा समाजाच्या म्हशी आणि त्यांच्या मंदिरांवर शाकारायचं गवत, दोन्ही याच माळांवर आणि भोवतालच्या दलदलींत. तुम्ही मघाशी म्हणालात, झाड नाही म्हणजे जमीन रिकामी असं मानून चूक झाली. वॅटलच्या जागी शोला चालेल असं म्हणताना तीच चूक वेगळ्या झाडाने होत नाही का?

अधिकारी : (थोडं थांबून) गवत परत आणायचं तर ते आपोआप येत नाही. वॅटलने मातीत नत्र वाढवून ठेवलेलं असतं, सावलीने गवताची मुळं मेलेली असतात. रोपवाटिकेत देशी गवताचे झुपके वाढवून एकेक लावावे लागतात. दहा हेक्टर करता येतील. हजार नाही.

संशोधिका : म्हणजे निवड करावी लागणार. कुठली दहा हेक्टर, हे तरी नकाशावरून ठरू दे.

अधिकारी : आणि बाकीच्या जुन्या लागवडी?

संशोधिका : त्यांबद्दल आपलं आज जमणार नाही.

मीही इथे कोणाच्या बाजूने निकाल देऊ शकत नाही. म्हाताऱ्या वॅटलखालचं शोला ठेवावं की गवतासाठी सगळं मोकळं करावं, याचं उत्तर प्रत्येक माळाला निराळं असेल. जिथे अजून गवताच्या पट्ट्याशी पट्टा जोडलेला आहे तिथे एक, जिथे चहूबाजूंनी लागवड आहे तिथे दुसरं. तमिळनाडू सरकारने आक्रमक वनस्पती आणि परिसंस्था पुनरुज्जीवनाचं धोरण २०२२ मध्ये स्वीकारलं, तेव्हापासून या कामाला सरकारी बळ आहे. बळ आहे म्हणूनच ते कुठे लावायचं याची चिंता जास्त.

पण एका मुद्द्यावर मी ठाम आहे, आणि तो या दोघांच्या बोलण्यातूनच निघतो. योग्य अधिवासाच्या नकाशातली सर्वांत मोलाची जागा म्हणजे जिथे झाडाला सगळं मानवतं, पण झाड अजून पोचलेलं नाही. दाट वॅटलचा डोंगर साफ करायला जेवढे मजूर-दिवस लागतात, तेवढ्यात असे कितीतरी माळ पालथे घालून एकेक रोप हाताने उपटता येतं. त्या रोपाने अजून बी टाकलेलं नसतं, त्यामुळे मातीत काही मागे राहत नाही. उपग्रहाला ते दिसत नाही. दहा मीटरच्या चौकटीत गुडघाभर रोप म्हणजे काहीच नाही. ते माणसालाच दिसतं, आणि माणसाने कुठे जाऊन पाहायचं हे मात्र नकाशाच सांगू शकतो. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज असलेली ही एकमेव जागा आहे आणि बहुतेक अहवालांत तिच्यासाठी एक परिच्छेदही नसतो.

संशोधिका : मग दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवते. मानवणारी जागा, वजा वॅटल असलेली जागा. उरलेल्यातून जुन्या लागवडींपासून जवळच्या आणि ओढ्यांच्या खालच्या अंगाच्या जागा आधी. कारण बी बहुतेक झाडाखालीच पडतं, पुढचा प्रवास पाण्याने, मातीने, गाड्यांच्या चाकांना लागून होतो.

अधिकारी : रस्ता दुरुस्तीची माती कुठून आणली तेही पाहा. मुरूम आला की त्याबरोबर वॅटल येतं, हे मी दोन ठिकाणी पाहिलं आहे. आणि लाल कुठून सुरू करणार? शून्य पूर्णांक पाचपासून?

संशोधिका : याच कामासाठी त्याहून खाली. एखादा माळ उगाच पालथा घातला तर दोन दिवस गेले. एखादा राहून गेला तर वीस वर्षांनी तिथे करवत लागणार. दोन चुकांची किंमत सारखी नाही, मग उंबरठा मधोमध कशाला ठेवायचा?

अधिकारी : हे पटलं. कधी जायचं?

संशोधिका : पाऊस ओसरल्यावर, हिम पडायला लागायच्या आधी. माती ओली असते, रोप मुळासकट येतं.

अधिकारी : आणि सापडलं नाही तर?

संशोधिका : तरी नोंद करायची. जागा, तारीख, ‘शोधलं, नाही’. मघाशी म्हटलं ना, या नोंदी फार थोड्यांकडे असतात. पुढच्या वर्षीचा नकाशा त्यांच्यामुळेच सुधारेल.

अधिकारी : अगं, रोजंदारीवरचा माणूस दिवसभर डोंगर तुडवून रिकाम्या हाताने आला, तर त्याची मजुरी कोणत्या रकान्यात लिहिणार? सगळे हिशेब साफ केलेल्या हेक्टरांवर चालतात. काही सापडलं नाही म्हणजे काम झालं नाही.

संशोधिका : तो रकाना बदलावा लागेल.

अधिकारी : तोडलेल्या हेक्टरांऐवजी चालून पाहिलेल्या हेक्टरांची मजुरी. प्रस्ताव मी लिहितो, असे प्रस्ताव कसे अडकतात ते मला माहीत आहे. तू मला त्याला जोडायला एक पान दे. त्यावर लाल रंग नको, ज्या माळांवर जायचं त्यांची स्थानिक नावं हवीत, तोडा आणि बडगा लोक ज्या नावांनी ओळखतात ती. आणि तापमापकांची यादी वेगळी. पहिला तापमापक कुठे लावायचा ते मी सांगतो.